बडोद्याहून दीव : अडीच दिवसांचा आराखडा

शुक्रवारी रात्री बडोद्याहून निघून मंगळवारी सकाळी घरी पोहोचायचे, बरोबर सत्तरीच्या सासूबाई आणि शाळेत जाणारी दोन मुले आहेत. एवढ्या वेळात दीव, सोमनाथ आणि सासण गीर ही तिन्ही ठिकाणे नीट पाहून होतील का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की गीर या वेळी वगळावे. दीवहून सासण शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, जंगलात जाण्याचा परवाना आधीच काढून ठेवावा लागतो, आणि पहाटेच्या उघड्या जीपमधील तीन तास सासूबाईंना सोसले तरी तो संपूर्ण दिवस त्यातच जातो. शिवाय १६ जून ते १५ ऑक्टोबर जंगलसफारी बंद असते, हेही तारखा ठरवताना लक्षात असू द्यावे. गीरसाठी स्वतंत्र सहल काढावी, ती त्या जंगलाची योग्यता आहे.

मोटारीने जायचे तर भावनगर, महुवा, उना असा सुमारे ४०० किलोमीटरचा रस्ता आहे. वयस्कर माणूस बरोबर असताना मी रेल्वेच सुचवीन. मुंबईकडून वेरावळला जाणारी गाडी बडोद्यावरून जाते. रात्रभर झोपून सकाळी वेरावळला उतरता येते आणि तेथून सोमनाथ अगदी जवळ आहे. म्हणून सोमनाथ परतीसाठी न ठेवता शनिवारी सकाळीच करावे. आरती सकाळी सात, दुपारी बारा आणि सायंकाळी सात वाजता होते. मोबाईल, कॅमेरा आणि चामड्याच्या वस्तू आत नेऊ देत नाहीत, तेव्हा त्या बाहेर ठेवण्यात जाणारा वेळ हिशेबात धरावा. आजच्या मंदिरातील प्राणप्रतिष्ठा ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली. मात्र बहुतेक प्रवासी तेवढेच दर्शन घेऊन परततात आणि जवळच असलेले, अहिल्याबाई होळकरांनी १७८३ मध्ये बांधलेले मंदिर पाहायचे राहून जाते. आपण मराठी माणसांनी तरी ते चुकवू नये. सासूबाईंना तेथे शांतपणे बसताही येईल.

दुपारी जेवून दीवकडे निघावे. सुमारे ९० किलोमीटरच्या या रस्त्यावर कोडीनार लागते, जे एके काळी बडोदे संस्थानाच्या अमरेली प्रांतात होते. मुलांना हे आवर्जून सांगावे, कारण सयाजीरावांचे राज्य म्हणजे फक्त लक्ष्मीविलास राजवाडा आणि कमाटीबाग नव्हे, हे त्यांना अशा प्रवासातच उमगते. मुक्कामाची खोली नागवा गावाच्या किनाऱ्यावर न घेता जुन्या दीव शहरात घ्यावी, कारण खरे पाहण्यासारखे बहुतेक सर्व तेथून पायी किंवा रिक्षाने गाठता येते.

आता मुख्य मुद्दा. गुजरातेत दारूबंदी आहे आणि दीवमध्ये नाही. त्यामुळे शनिवार-रविवारी तेथे जी गर्दी लोटते, ती बहुतांशी नागव्याला आणि बारमध्ये जमते. किल्ल्यात आणि जुन्या वस्तीत त्या मानाने निवांतपणा असतो. म्हणून रविवार संपूर्ण शहराला द्यावा आणि समुद्रस्नान सोमवारी सकाळी, गर्दी ओसरल्यावर ठेवावे. हा क्रम उलटा केला तर दोन्हींची गोडी जाते. (परतताना कोणाच्याही सामानात बाटली नसावी, सीमेवर तपासणी होते आणि गुजरातेत तो गुन्हा आहे.)

रविवारी सकाळी उघडल्याबरोबर किल्ल्यात शिरावे, कारण आत सावली फार थोडी आहे. या किल्ल्याची कथा आपल्या पावागडापासूनच सुरू होते. १५३५ मध्ये हुमायूनने पावागडाच्या पायथ्याचे चांपानेर घेतले, गुजरातचा सुलतान बहादूरशाह पळत दीवला आला, आणि मोगलांविरुद्ध मदत मिळावी म्हणून त्याने पोर्तुगीजांना येथे किल्ला बांधू दिला. दोनच वर्षांनी पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत तो याच समुद्रात मारला गेला. पुढे १५३८ आणि १५४६ मध्ये पडलेले दोन मोठे वेढे या तटांनी सोसले, आणि ही जागा पोर्तुगीजांच्या हातून सुटली ती थेट डिसेंबर १९६१ मध्ये. चांपानेरच्या भिंती पाहिलेल्या मुलांना हा धागा जोडून दिला की दगडांतून ती स्वतःच प्रश्न विचारू लागतात. तीन बाजूंना समुद्र, जमिनीच्या बाजूला खडकात खोदलेला खंदक, बुरुजांवर पोर्तुगीज अक्षरे कोरलेल्या काशाच्या तोफा आणि समोर पाण्यातच उभा असलेला पाणीकोठा नावाचा छोटा किल्ला, हे सारे सावकाश पाहायला दोन तास हवेतच. वरच्या बुरुजांकडील चढ काही ठिकाणी तीव्र आहेत. सासूबाईंनी खालच्या पटांगणापर्यंत येऊन समुद्राकडील तटापाशी थांबले तरी पुष्कळ पाहून होते.

किल्ल्याजवळच नायडा गुंफा आहेत. किल्ल्यासाठी दगड काढता काढता त्या तयार झाल्या असे मानले जाते, आणि छतातील भोकांतून ऊन आत उतरते तेव्हा त्या सर्वांत सुंदर दिसतात. त्यामुळे तेथे सूर्य वर आल्यावरच जावे. जमीन खडबडीत असल्याने वयस्करांनी बाहेर बसणे बरे. १६१० मध्ये पूर्ण झालेले सेंट पॉलचे चर्च त्यानंतर पाहावे. त्याची दर्शनी भिंत आणि आतील कोरीव लाकूडकाम यांसाठी अर्धा तास ठेवावा. सेंट थॉमसच्या चर्चमध्ये आता संग्रहालय आहे, ते थोडक्यात आटोपते. दुपारी विश्रांती घेऊन सायंकाळी फिरंगीवाड्यातील, म्हणजे जुन्या पोर्तुगीज वस्तीतील, रंगीत घरांच्या गल्ल्यांतून, नगरशेठची हवेली पाहत झांपा दरवाजापर्यंत चालत जावे. माझ्या मते दीवचा आत्मा या गल्ल्यांत आहे, आणि घाईत आलेल्यांना तो दिसत नाही.

फुदम गावाजवळच्या गंगेश्वराला खडकांत पाच शिवलिंगे आहेत आणि भरतीच्या लाटा त्यांना स्नान घालतात. येथे घड्याळापेक्षा भरती महत्त्वाची. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि पौर्णिमा-अमावास्येला पाणी अधिक चढते, म्हणून पोहोचल्याबरोबर मुक्कामाच्या ठिकाणी त्या दिवसाची वेळ विचारून घ्यावी आणि पाणी चढू लागले असताना जावे. पायऱ्या ओल्या असतात. सासूबाईंचा हात धरावा.

शनिवारची संध्याकाळ खुकरी स्मारकासाठी ठेवावी. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी शेवटपर्यंत जहाज सोडले नाही. समोर सूर्य मावळत असताना मुलांना हे त्या जागी सांगण्याचे मोल वेगळेच आहे. तेथे मोठ्याने गाणी लावणारे लोक भेटतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सोमवारी सकाळी लवकर नागव्याला जावे. किनारा चंद्रकोरीसारखा वळलेला असून पोहण्यास सोयीचा आहे, पावसाळ्यात मात्र पाण्यात उतरू नये. परिसरातील फाटे फुटलेली ताडासारखी झाडे म्हणजे होका. बेटाच्या पश्चिम टोकाला वणाकबारा हे मासेमारीचे बंदर आहे; स्नानानंतर वेळ उरला तर तेथील मचवे आणि जाळी पाहून, दुपारी जेवण उरकून वेरावळची वाट धरावी. मधल्या रस्त्यावर कामे चालू असली तर उशीर होतो, तेव्हा गाडीच्या वेळेआधी किमान चार तास दीव सोडावे आणि परतीची तिकिटे आजच काढून ठेवावीत, कारण सुट्ट्यांत ती आधी संपतात.