बेळगावच्या सांबरा विमानतळावर नव्या टर्मिनलचं काम चालू असताना आईवडिलांना एकटं पाठवायचंय, बदल कुठून कळतील?

सगळ्यात आधी तिकिटावर मोबाईल नंबर कुणाचा आहे ते बघा. आपल्याकडे खानापूर, निपाणी, चंदगडची बरीच माणसं एजंटाकडून तिकीट काढतात आणि बुकिंगमध्ये नंबर एजंटाचाच राहतो. मग वेळ बदलल्याचा मेसेज त्याच्या फोनवर जातो आणि घरी पत्ताच नसतो. विमान कंपनीला फोन करून तिथे तुमचा आणि वडिलांचा, असे दोन्ही नंबर घालून घ्या.

नव्या टर्मिनलची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. असं काम चालू असलं की गेट, पार्किंग, गाडी थांबवायची जागा यांत फरक पडू शकतो, आणि विमान कंपनीच्या मेसेजमध्ये हे सहसा येत नाही. त्यासाठी विमानतळ प्राधिकरणाच्या सूचना आणि स्थानिक पेपर बघा. निघायच्या आदल्या दिवशी सांबऱ्याला जाणाऱ्या एखाद्या टॅक्सीवाल्याला विचारलंत तर आणखी चांगलं. गाडी सध्या कुठे सोडतात हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

मला खरी काळजी वाटते ती भाषेची. घोषणा कन्नड, हिंदी, इंग्रजीत होतात. फक्त मराठी वाचणाऱ्या आजीला बदललेलं गेट कसं कळणार? बांधकामाच्या काळात तरी प्रवेशद्वाराशी बाणाच्या खुणांचे मोठे फलक आणि मराठी बोलणारं एक माणूस हवंच. तशी लेखी सूचना विमानतळ संचालकांकडे जरूर द्या. तोवर आईवडिलांसाठी विमान कंपनीकडे व्हीलचेअर किंवा सोबतीची मदत आधीच सांगून ठेवा.