गिधाडाच्या पिल्लाला हातबाहुलीने भरवतात हे खरं का? आणि तशी बाहुली घरी करता येईल का?

सहावीतल्या लेकीला विज्ञान प्रदर्शनासाठी कॅलिफोर्नियाच्या कॉन्डोरची, म्हणजे अमेरिकेतल्या एका मोठ्या गिधाडाची, हातबाहुली करायची आहे, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय झूमध्ये अशा बाहुल्यांनी खरोखर पिल्लं वाढवली का, आणि 'नराशिवाय कॉन्डोरचं पिल्लू जन्मलं' हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर थाप आहे का, असंही विचारलंय. थाप नाही, दोन्ही खरं आहे. फक्त त्या मजकुरात 'आईची हुबेहूब नक्कल' असं लिहिलं असेल तर तेवढं चूक आहे. त्याकडे नंतर येते. मी सुट्टीच्या शिबिरांत मुलांना हातबाहुल्या शिकवते, त्यामुळे आधी बाहुली.

माझा पहिला कॉन्डोर साफ फसला होता. काळा मोजा, त्यावर नारिंगी फेल्टचं डोकं, त्रिकोणी चोच, बटणांचे मोठ्ठे डोळे. शिबिरातल्या एका पोराने बराच वेळ निरखून विचारलं, "काकू, या कोंबडीला बरं नाहीये का?" घोळ चोचीत होता. गिधाडाची चोच त्रिकोणी नसतेच. ती थोडी सरळ जाते आणि टोकाशी एकदम खाली वळते, आकड्यासारखी. डोळे लहान, आणि समोर नाही, बाजूला.

आता करायची कशी. पुरुषांचा लांब काळा मोजा घ्या, कोपरापर्यंत येईल असा. डोक्याला जुन्या पांढऱ्या बनियनचं कापड उत्तम, ते ताणलं जातं. रंगासाठी हळदीच्या पाण्यात चिमूटभर खायचा चुना टाका. पिवळं पाणी डोळ्यांदेखत लालसर होतं आणि कापडाला कॉन्डोरच्या टकलाचा तो नारिंगी-गुलाबी रंग येतो. (चुना घालायचं काम मोठ्यांनी करावं. आणि बाहुली धुऊ नका, रंग पक्का नसतो.) मानेवर आडवे धावदोरे घालून दोरा हलकेच ओढला की सुरकुत्या पडतात. सगळी जान त्या सुरकुत्यांत आहे. डोळ्यांना लाल काचेचे मणी, कारण मोठ्या कॉन्डोरचे डोळे लालच असतात. गळ्याभोवती पिसांची झालर येते, तिला मोडक्या छत्रीचं काळं कापड पानाच्या आकारात कापून लावा.

चोच पुठ्ठ्यावर कागदाचा लगदा चढवून करायची. वरचा भाग चार बोटांवर, खालचा अंगठ्यावर. एरवी दोन दिवसांत वाळते, पावसाळ्यात चार दिवस धरा. वाळली की हस्तिदंती रंग द्या. बाहुली जमली का, याची माझी परीक्षा एकच: तिने ताटलीतला शेंगदाणा चोचीने उचलून समोरच्याच्या तळहातावर ठेवायचा. जमत नसेल तर बाहुली दिसायला कितीही छान होवो, पिल्लू उपाशी राहील.

झूमधल्या बाहुलीलाही हेच जमावं लागायचं. १९८२ मध्ये जगात हे पक्षी फक्त २२ उरले होते. मेलेलं जनावर खाताना त्यातले बंदुकीच्या गोळीचे शिशाचे कण पोटात जाऊन ते मरत होते, शिवाय शिकार आणि विजेच्या तारा होत्याच. कॉन्डोरची मादी एका वेळी एकच अंडं घालते आणि साधारण दोन वर्षांतून एक पिल्लू वाढवते. या गतीने संख्या वाढणं शक्य नव्हतं. पण अंडं काढून नेलं तर ती बऱ्याचदा महिन्याभरात दुसरं घालते. आपल्याकडे कोंबड्या पाळणाऱ्या बाईला यात नवल वाटणार नाही. तर रानातल्या घरट्यांतून अंडी उचलून उबवणी यंत्रात ठेवायला सुरुवात झाली, आणि ३० मार्च १९८३ रोजी अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या झूमध्ये सिस्क्वॉक नावाचं पिल्लू बाहेर आलं. माणसाच्या देखरेखीखाली अंड्यातून बाहेर आलेलं हे कॅलिफोर्नियाच्या कॉन्डोरचं पहिलं पिल्लू.

मग प्रश्न आला भरवण्याचा. पक्ष्याचं पिल्लू सुरुवातीच्या दिवसांत ज्याला बघतं, ज्याच्याकडून घास घेतं, त्यालाच आपल्या जातीचं समजून बसतं. कोनराड लोरेन्झ या शास्त्रज्ञाच्या मागे मागे चालणारी हंसाची पिल्लं तुमच्या मुलीने पुस्तकात पाहिली असतील. कॉन्डोरचं पिल्लू माणसाला आई समजलं असतं तर मोठेपणी माणसांतच घुटमळलं असतं. म्हणून काळजी घेणारे आडोशामागे बसायचे, भोकातून हात आत, हातावर मोठ्या कॉन्डोरच्या डोक्याची बाहुली. तिच्याच चोचीने घास द्यायचा, तिच्याच चोचीने पिल्लाची पिसं विंचरायची. ही युक्ती अजून चालू आहे. २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स झूने किंग व्हल्चर या दुसऱ्या गिधाडाचं पिल्लू असंच भरवल्याची बातमी होती.

१९८७ मध्ये रानातला शेवटचा कॉन्डोरही पकडला. एकूण २७ पक्षी, सगळे पिंजऱ्यात. आज ५०० च्या वर आहेत आणि निम्म्याहून जास्त मोकळे उडतायत.

पण बाहुलीचं श्रेय मी थोडं कमी करणार, स्वतः बाहुल्या करत असूनही. १९९२ पासून सोडलेले पहिले तरुण पक्षी विजेच्या खांबांवर बसायचे, तारांना धडकून मेले, माणसांच्या वस्तीजवळ जाऊन उद्योग करायचे. घास भरवायला बाहुली चालते. पण कुठे बसू नये, कोणापासून लांब राहावं, आगाऊपणा केला की चोच कशी खावी लागते, हे तिला शिकवता येत नाही. त्याला घरातलं मोठं माणूस लागतं, म्हणजे मोठं गिधाड. नंतर पिंजऱ्यात खोटे खांब उभारले, त्यावर बसलं की सौम्य झटका. पिल्लांसोबत मोठे पक्षी ठेवायला लागले, आणि जमेल तिथे पिल्लू खऱ्या आईबापांकडेच वाढू देतात.

आता नराशिवायचं पिल्लू. पक्षी इतके कमी, म्हणून प्रत्येकाची वंशावळ आणि जनुकांची नोंद ठेवलेली. ती तपासताना सॅन डिएगोच्या शास्त्रज्ञांना दोन नर असे सापडले की ज्यांच्या जनुकांत बापाचा पत्ताच नाही, सगळं आईकडचं. एक २००१ चा, दुसरा २००९ चा, आया वेगवेगळ्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. कोमोडो ड्रॅगनमध्ये असं आधी दिसलं होतं, टर्कीमध्येही. पण सहसा अशी गोष्ट मादी एकटी असली की घडते, असा समज होता. इथे दोन्ही माद्यांच्या सोबत चांगले धडधाकट नर होते आणि त्यांच्यापासून पिल्लंही झालेली होती! याला मराठीत अनिषेकजनन म्हणतात.

ही आईची नक्कल का नाही, ते मुलीला असं सांगा. पक्ष्यांत लिंगाचा हिशेब आपल्या उलट असतो: नराची लिंग ठरवणारी गुणसूत्रं झेड-झेड, मादीची झेड-डब्ल्यू. बीजांडात यातलं एकच येतं, झेड किंवा डब्ल्यू. नराचा वाटा नसताना त्या अर्ध्याचीच जोडी जमली, तर एक तर झेड-झेड होणार नाहीतर डब्ल्यू-डब्ल्यू. दुसरं जगत नाही. म्हणून असं पिल्लू जगलं तर ते मुलगाच असतं, आईची प्रत नव्हे. ते दोघं फार जगले नाहीत. एक दोन वर्षांचा व्हायच्या आत गेला, दुसरा आठ पुरे व्हायच्या आत. पुढे संततीही नाही.

परीक्षक हमखास विचारतील, "हे आपल्याकडे कुठे?" आपली गिधाडं शिशाने नाही, जनावरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने मेली. ते औषध घेतलेल्या गुराचं मांस खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली. हरियाणात पिंजोरला बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) आणि तिथलं वनखातं मिळून गिधाडांची पैदास करतात. २०२४ च्या जानेवारीत तिथली काही गिधाडं आपल्या ताडोबा आणि पेंचमध्ये आणली. वेळ असेल तर शेजारी एक देशी गिधाडही करा: मान काळसर, झालर पांढरी.

मांडणीसाठी मोठं खोकं घ्या, त्याला एक भोक, भोकाला काळा पडदा. मुलगी मागे, बाहुली पुढे, समोर कापसाचं पांढरं पिल्लू. आणि तिला आधीच बजावून ठेवा की बाहुलीने बोलायचं नाही, पडद्यामागून हसायचंही नाही. झूमध्येही माणसाचा आवाज पिल्लाच्या कानावर जाऊ देत नसत. शिबिरात शिवण, चोच, सगळं जमतं पोरांना. गप्प बसणं तेवढं अजून एकालाही जमलेलं नाही.