कॅम्बरचं किट, वाचणारी मजुरी आणि उजव्या चाकाचा आकडा

तुमच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा. गाडीला लोअरिंग स्प्रिंग टाकून ती ३० मिमी खाली बसवली. आठ महिन्यांत पुढच्या दोन्ही टायरच्या आतल्या कडा झिजल्या, उजव्याची जास्त. अलाइनमेंटवाल्याने मोजमापाचा कागद हातात दिला आणि ‘कॅम्बर सेट होत नाही, किट आणा’ म्हणून परत पाठवलं. कॅम्बर म्हणजे समोरून पाहता चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल; वरची बाजू आत कलली की तो उणे. किटमध्ये पुढचे कॅम्बर बोल्ट आणि मागचे ॲडजस्टेबल आर्म (चाक जागेवर धरणारे, लांबी बदलता येणारे दांडे) आहेत. मजुरी वाचावी म्हणून काम घरीच करायचं आहे. पैसे आपत्कालीन निधीतून काढू की बिनव्याजी हप्ते करू, हा प्रश्न.

तुमचे सगळे आकडे मी टायरमध्ये बदलून घेतले. तुमच्या गाडीचा एक नवा टायर म्हणजे एक. त्या मापाने किट तीन टायरचं, गॅरेजची मजुरी दीड टायरची आणि तुम्ही यादीत लिहिलेली हत्यारं दोन टायरची. म्हणजे गॅरेजमध्ये साडेचार आणि घरी पाच. तुम्ही हत्यारं हिशोबात धरली नाहीत, कारण ‘ती कायमची राहतील’. राहतील खरी, पण ती पुन्हा कशासाठी काढणार, याचं उत्तर पत्रात नाही. शिवाय काम कुठेही केलं तरी शेवटी मशिनवर अलाइनमेंट करावीच लागते, कारण कॅम्बर हलला की टो, म्हणजे वरून पाहता चाकांची तोंडं आत की बाहेर वळली आहेत तो कोन, हलतो. तो खर्च दोन्हीकडे सारखा. थोडक्यात, मजुरी वाचवण्याचं कारण पहिल्याच बेरजेत गळून पडतं.

तरीही खरा मुद्दा मजुरीचा नाही. तुम्ही पत्रासोबत जोडलेला तो कागद मी दोनदा वाचला. पुढचा डावा कॅम्बर उणे १.३ अंश, उजवा उणे २.२. स्प्रिंग दोन्ही बाजूंना एकाच मापाच्या बसवल्यात, गाडी दोन्हीकडून सारखी खाली आली आहे. मग उजवं चाक जवळपास एक अंशाने जास्त का कललं? लोअरिंगने चाकं आत कलतात, पण दोन्हीकडे साधारण सारखीच. आणि तुमच्याच पत्रात, अगदी जाता जाता, एक वाक्य आहे: पावसात उजवं चाक खड्ड्यात जोरात आपटलं होतं. मला वाटतं उत्तर तिथेच आहे. स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचा खांब) किंचित वाकला असेल, नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) वाकलं असेल, चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचा रबरी बुश किंवा बॉल जॉइंट गेला असेल, किंवा सबफ्रेम (हे आर्म जिला जोडलेले असतात ती चौकट) सरकली असेल. कॅम्बर बोल्ट टाकलात तर कागदावरचा आकडा हिरवा, म्हणजे मर्यादेतला, होईल आणि वाकलेला भाग वाकलेलाच राहील. तीन टायर खर्चून आपण दुखणं झाकून ठेवू.

आता दुसरा आकडा. पुढचा एकूण टो उणे ०.४० अंश, म्हणजे चाकांची तोंडं बाहेर. प्रत्येक चाकाच्या वाट्याला ०.२० अंश. ऐकायला काहीच नाही. पण या कोनात प्रत्येक टायर दर किलोमीटरला साधारण साडेतीन मीटर आडवा घासत जातो. दहा हजार किलोमीटरला पस्तीस किलोमीटर आडवा. नुसत्या कॅम्बरने टायर हळूहळू झिजतो. सोबत टो बिघडलेला असला की आतली कड खवणीवर धरल्यासारखी जाते. आणि हा टो सेट करायला बाजारातला एकही पार्ट लागत नाही. तुमच्या गाडीला मूळचाच टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) आहे, तो फिरवून टो बसतो. कॅम्बर बसत नाही म्हणून टोही न करता गाडी परत पाठवली, हे त्या माणसाचं चुकलं.

मागच्या चाकांचे आकडे कागदावर कंपनीच्या मर्यादेत आहेत, टोसुद्धा. म्हणजे मागचे आर्म, जे किटच्या किमतीचा मोठा भाग आहेत, ते तुम्ही न झालेल्या आजारासाठी घेताय. किटमध्ये आहेत म्हणून घ्यायचे, एवढंच.

म्हणून माझं म्हणणं: आत्ता किट घेऊ नका. आधी एखाद्या चांगल्या मेकॅनिककडून उजवी बाजू तपासून घ्या, जे वाकलंय किंवा सैल आहे ते बदला, मग टो सेट करा. तपासणी आणि अलाइनमेंट मिळून अर्ध्या टायरच्या आत बसतात, हे तुमच्याच यादीतले आकडे सांगतात. पार्ट बदलावा लागला तर त्याचा खर्च वेगळा, पण तो किट घेऊनही टळला नसताच. त्यानंतर डावं-उजवं सारखं झालं आणि दोन्हीकडे उणे १.३ च्या आसपास राहिलं, तर बहुधा किटची गोष्ट तिथेच संपते.

त्यानंतरही कॅम्बर कमी करावासा वाटला तर फक्त पुढचे बोल्ट घ्या, आणि ते घरी बसवायला माझी हरकत नाही. तुमच्या गाडीत स्ट्रट नकलला दोन बोल्टांनी जोडलेला आहे, त्यातल्या एकाच्या जागी हा एका बाजूला फुगीर कड असलेला बोल्ट जातो; तो फिरवला की चाकाचा कल बदलतो, साधारण दीड-पावणेदोन अंशांपर्यंत. स्प्रिंग दाबायची गरज पडत नाही, म्हणून काम घरी करण्यासारखं. पण हा बोल्ट मूळच्यापेक्षा बारीक असतो. दिलेल्या टॉर्कलाच (आवळण्याच्या ठरलेल्या जोरालाच) आवळायचा, इम्पॅक्ट गनने नाही, आणि डोक्यावर रंगाची रेघ मारून ठेवायची म्हणजे सरकला तर दिसतो. हत्यारांतले जॅक स्टँड आणि टॉर्क रेंच खुशाल विकत घ्या, चाकं बदलताना आणि ब्रेकच्या कामालाही लागतील. बाकीचं कुणाकडून तरी मागून आणा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, हे पैशांचा सल्लागार म्हणूनही सांगतो, कारण तुमचा अपघात विमा मी अजून पाहिलेला नाही.

मागचे आर्म घरी बसवण्याबद्दल मात्र माझं मत वाईट आहे, आणि ते मी पैसे भरून मिळवलंय. माझ्या जुन्या गाडीचे आर्म मी स्वतः बदलले, गाडी स्टँडवर आणि चाकं हवेत लटकत असताना सगळे बोल्ट शेवटपर्यंत आवळले. रबरी बुश त्या लटकत्या स्थितीतच पकडले गेले. गाडी जमिनीवर टेकली तेव्हा ते पिळले गेले आणि वर्षही न होता फाटले. गाडीचं वजन चाकांवर असताना शेवटचं आवळायचं असतं, हे मला दुसऱ्यांदा आर्म घेताना कळलं. वाचवलेल्या मजुरीच्या दुप्पट गेले. बायकोला मी अर्धाच आकडा सांगितला होता.

तुमचा रविवार मात्र मी खर्चात धरत नाही. गाडीखाली लोळण्यात मजा येत असेल तर तो छंद आहे, आणि छंदाला छंदाच्या पैशातून द्या. बचत म्हणून त्याची नोंद करू नका, एवढंच.

पैसे कुठून काढायचे? आपत्कालीन निधीतून नाही. त्यात दोनच महिन्यांचा खर्च आहे म्हणता. मी तीन ते सहा महिने सांगतो. टायर झिजणं ही आपत्ती नव्हे, तो ठरलेला खर्च आहे. तुमचं रनिंग महिन्याला हजार किलोमीटर आहे. टायर चाळीस हजार चालेल असं धरलं तर चार टायर चाळीस महिन्यांत, म्हणजे दरमहा टायरच्या किमतीचा दहावा भाग वेगळ्या खात्यात. बिनव्याजी हप्त्यांत रोखीची सूट बुडत नाही ना आणि प्रोसेसिंग शुल्क किती, हे आधी विचारा. बहुतेकदा व्याज तिथेच लपलेलं असतं. आणि स्प्रिंग बदलल्याचं विमा कंपनीला कळवलं नसेल तर पॉलिसीतली बदलांबाबतची अट आजच वाचा. क्लेम नाकारला गेला तर टायरमध्ये मोजता येणार नाही इतकं नुकसान होईल.

घाईची एकच गोष्ट: उजव्या टायरच्या आतल्या कडेला हात फिरवून आणि टॉर्च मारून बघा. तार दिसत असेल तर त्या टायरवर अलाइनमेंटलाही जाऊ नका, स्टेपनी लावा.

पत्राच्या शेवटी विचारलंय, मूळच्या स्प्रिंग माळ्यावर पडल्या आहेत, भंगारात देऊ का? देऊ नका. उजवी बाजू दुरुस्त करूनही टायर आतून झिजत राहिले तर त्याच परत बसवणं हा तुमच्याकडचा सर्वात स्वस्त कॅम्बर किट आहे. पार्टचे पैसे शून्य, फक्त मजुरी आणि पुन्हा एकदा अलाइनमेंट. ते काम मात्र गॅरेजलाच द्या, दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो.