हाँगकाँगच्या निऑन पाट्या कॅमेऱ्यात टिपायला निघालायस? मग हे वाच

पहिलं सांगतो, घाई कर. परवानगी नसलेल्या पाट्या उतरवण्याची मोहीम तिथे बरीच वर्षं चालू आहे. साय यिंग पुन भागातल्या ‘सॅमीज किचन’ या रेस्टॉरंटची निऑन गाय 2015 मध्येच उतरवली, ती आता तिथल्याच एम प्लस संग्रहालयाकडे आहे.

खरं निऑन ओळखायला शीक. काचेची नळी वाकवून अक्षर केलेलं असतं आणि दोन अक्षरांमधला जोड काळ्या रंगाने झाकलेला असतो. निऑन वायू फक्त लालसर केशरी उजळतो. निळा दिसला तर आत आरगॉन आणि पारा समज. आजकाल एलईडीच्या लवचीक पट्ट्या ‘निऑन’ म्हणून खपवतात, फसू नकोस. नाणं धरलेल्या वटवाघळाच्या आकाराची पाटी म्हणजे गहाणवटीचं दुकान. सुरुवात तिथूनच कर, माझी लाडकी आहे ती.

फोटो पूर्ण अंधारात नको. सूर्य मावळल्यावरच्या वीसेक मिनिटांत आकाश निळं असतं, इमारतही दिसते. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, नळीच्या उजेडावरून ठरव, नाहीतर अक्षरं पांढरीफटक येतात. शटर 1/50 सेकंद किंवा त्याहून संथ ठेव, कारण नळ्या लुकलुकतात. आणि नळीला हात लावू नकोस बाबा, आत हजारो व्होल्ट असतात.