अहवाल हाती असताना पुन्हा तपासणी कशासाठी?

प्रश्न : माझ्या आईच्या स्तनातील गाठीची शस्त्रक्रिया सोलापुरात झाली आणि येथील पॅथॉलॉजिस्टनी कर्करोगाचे निदान केले. आता नव्या औषधाच्या चाचणीत तिला घेण्याआधी गाठीचा ब्लॉक (मेणात बसवून जपलेला तुकडा) मुंबईला मागवला आहे. येथील अहवालावर विश्वास नाही का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : हा अविश्वास नव्हे. अशा चाचणीत अनेक गावांतील रुग्ण असतात आणि त्या सर्वांना एकच मोजपट्टी लागावी, म्हणून नमुने एका मध्यवर्ती प्रयोगशाळेत पुन्हा पाहिले जातात. स्तनाच्या काही कर्करोगांत पेशींवर वाढणाऱ्या आणि काही औषधांचे लक्ष्य असलेल्या हर-टू या प्रथिनाचेच पाहा. रंगवलेल्या स्लाइडवर पेशीच्या कडेचा रंग किती गडद आणि किती पेशींत सलग दिसतो, यावरून पॅथॉलॉजिस्ट ० ते ३ अशी श्रेणी देतो; २ आली तर फिश ही त्या प्रथिनाच्या जनुकाच्या प्रती मोजणारी तपासणी करावी लागते. ही श्रेणी चुकली, तर ज्या रुग्णाला औषध लागू पडणारच नाही, तिला दुष्परिणाम तेवढे सोसावे लागतात आणि औषधाचा खरा गुणही आकडेवारीत झाकला जातो.

या कामाची सुरुवात मात्र सोलापुरातच झालेली असते. काढलेली गाठ तासाभरात फॉर्मलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रावणात पडली पाहिजे आणि त्यात ६ ते ७२ तास राहिली पाहिजे. आपल्याकडे ती बरणी पुष्कळदा नातेवाइकांच्याच हाती देतात. ती वेळेत पोचली नाही, तर मुंबईतील उत्तम यंत्रही पुढे काही करू शकत नाही. म्हणून येथील पॅथॉलॉजिस्टचे काम मला दुय्यम वाटत नाही. आपल्याच जिल्ह्यातील बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी चाचणी झाली आणि २००९ मध्ये तिचे निष्कर्ष जगभर वाचले गेले. ग्रामीण भागात घेतलेल्या नमुन्यांवर ते उभे होते.

ब्लॉक देताना पोच घ्यावी, तो परत कधी मिळेल आणि उरलेल्या ऊतींचा उपयोग कशासाठी होईल हे संमतीपत्रात वाचावे. एकाहून अधिक ब्लॉक असतील, तर एक येथेच ठेवण्याविषयी पॅथॉलॉजिस्टना अवश्य विचारावे. चाचणीतून केव्हाही बाहेर पडण्याचा आईंचा हक्क कायम राहतो आणि त्यामुळे त्यांचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.