ट्रेलर घेऊन बांफला: सीमेवर घोडं अडतं कुठे?

सिअ‍ॅटलहून भाड्याचा २४ फुटी, आत राहता येईल असा ट्रेलर गाडीला जोडून कॅनडातल्या बांफला जायचंय, सोबत भारतातून आलेले आईबाबा आहेत, ट्रेलर बघून सीमेवर अडवतील का, असं तुम्ही विचारलंय. आम्ही चारदा जाऊन आलो, ट्रेलरचं कुणाला काही वाटत नाही. घोडं अडतं ते कागदांवर आणि फ्रिजपाशी.

भारतीय पासपोर्टवर तुम्ही एच-१बीवाले (म्हणजे अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावरचे) आणि आईबाबा, सगळ्यांनाच कॅनडाचा व्हिसा वेगळा लागेल. तुमच्या अमेरिकी व्हिसाची मुदत संपलीये, पण आय-९४ (अमेरिकेत किती दिवस राहता येईल याची नोंद) चालू आहे, म्हणजे ३० दिवसांच्या आत कॅनडातून परतलात तर जुन्या व्हिसावर आत येता येतं. तिकडे असताना नव्या व्हिसाचा अर्ज मात्र करू नका, ही सवलत हातची जाऊ शकते. ट्रेलर देशाबाहेर न्यायची मालकाची लेखी परवानगी घ्या. विमा कंपनीकडून कॅनडासाठीचं कार्डही मागून घ्या.

आता फ्रिज. पहिल्या खेपेला परतताना अधिकाऱ्याने विचारलं, "फळं, भाज्या?" मी बेधडक "नाही" म्हणालो. फ्रिजच्या दारात बायकोने पोह्यांसाठी जपून ठेवलेली कढीपत्त्याची जुडी निघाली! कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. संत्र्या-लिंबांच्या बागांना रोग लावणारी कीड त्यावर पोसते, म्हणून तो अमेरिकेत आणू देत नाहीत. दंड टळला, पण पाऊण तास डबेन्‌डबे उघडून दाखवले. (मेतकुटावर वेगळं व्याख्यान द्यावं लागलं.) आता सीमेअलीकडच्या मुक्कामाला फ्रिज रिकामा करतो आणि उरलंसुरलं विचारायच्या आत सांगून टाकतो. जळाऊ लाकूड नेऊ नका, तिकडेच विकत घ्या. माणसांवर मारायचा पेपर स्प्रे कॅनडात चालत नाही. अस्वलांसाठीचा चालतो, पण डब्यावर तसं छापलेलं हवं.

आम्ही सुमासच्या नाक्यावरून जातो, पलीकडे अ‍ॅबट्सफर्डला लगेच हायवे १ लागतो. होप गावानंतर कोकिहाला हायवे घेतलात तर १,२४४ मीटरपर्यंत चढ आहे. उतरताना गिअर खालचा ठेवा, नुसत्या ब्रेकवर राहू नका.

आईबाबांना योहो राष्ट्रीय उद्यानातला टाकाकॉ धबधबा दाखवणार असाल, तर त्या रस्त्यावर ट्रेलरला बंदी आहे, वळणंच तशी आहेत. ट्रेलर खालच्या जागेत सोडा, नुसती गाडी वर न्या. सोडण्याआधी चाकांना ठोकळे लावा.