गोव्याच्या सड्यावरची, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरची, दवबिंदू ही वनस्पती घरी आणून कुंडीत लावली तर जगेल का?

नाही, सहसा जगत नाही, म्हणून उपटून आणूच नका. ही कीटकभक्षी वनस्पती जांभ्या दगडावरच्या वाळूमिश्रित, ओल्या आणि अत्यंत निकस मातीच्या पातळ थरात वाढते. मातीत नत्र फारच कमी, ते ती किड्यांतून मिळवते. पानावरच्या लालसर केसांच्या टोकाला चिकट थेंब असतो. चिलट त्याला चिकटलं की आजूबाजूचे केस हळूहळू त्याच्यावर वाकतात आणि ते तिथेच पचतं. चार्ल्स डार्विनने दवबिंदूच्या जातींवर वर्षानुवर्षं प्रयोग करून 1875 मध्ये हे सविस्तर मांडलं. कुंडीतलं शेणखत आणि नळाच्या पाण्यातले क्षार तिच्या नाजूक मुळांना सोसत नाहीत. शिवाय ती एकाच हंगामाची: पावसाळ्यात उगवते, फुलते, बी टाकून सुकते. बी पडण्याआधी उपटलीत तर तिथलं पुढच्या वर्षीचं रोपही गेलं.

एक मात्र खरं, ही जात आफ्रिकेत आणि आशियात दूरवर आढळते. धोक्यात आहे तो सडा. उन्हाळ्यात तो उजाड खडक दिसतो, म्हणून त्याला पडीक समजतात आणि चिरेखाण, भराव, बांधकाम सुरू होतं. उत्तर गोव्यातला मोपाचा विमानतळ सड्यावरच उभा आहे. पाहायचीच असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरात जा, गाडी रस्त्यावरच ठेवा आणि खडकावरून चाला. जवळच निळी-जांभळी सीतेची आसवं दिसली तर तीही कीटकभक्षी. तिचे सापळे ओल्या मातीत दडलेले असतात.